लॅपटॉपची रॅम वाढवताय? या चुका टाळा

"आठ जीबीची रॅम द्या," एवढंच सांगून पैसे पुढे करणारे लोक रोज भेटतात. लॅपटॉप कुठला, आत आधी काय बसलंय, असं विचारलं की गप्प. नुसत्या जीबीवर रॅम मागू नका.

लेबल न वाचता खरेदी

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. इंजिनिअरिंगचा एक मुलगा बंद लॅपटॉप घेऊन आला होता. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, आत ४ जीबी. त्याने आणखी ४ जीबीची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, आणून घातली आणि तेव्हापासून डिस्प्लेच येईना. दिवा लागायचा, पंखा फिरायचा, पुढे काही नाही. एका दुकानात त्याला मदरबोर्ड गेल्याचं सांगून बोर्डाचा खर्चही काढून दिला होता.

झाकण उघडून दोन्ही स्टिक टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. जुनीवर छापलेलं पीसी३एल-१२८००एस, नवीवर पीसी३-१२८००एस. त्या ‘एल’चा अर्थ १.३५ व्होल्टवर चालणारी रॅम. एल नसलेलीला १.५ व्होल्ट लागतात आणि तो लॅपटॉप तेवढे देतच नाही. नवी काढली, जुनी एकटी बसवली, मशीन चालू झालं. बोर्ड ठणठणीत होता. पोराचे काही हजार रुपये एका अक्षरापायी गेले असते.

म्हणून मी आतली स्टिक बाहेर काढून लेबलचा फोटो घेतल्याशिवाय नवी मागवत नाही. प्रोसेसरच्या नावावरून अंदाज बांधू नका. इंटेलच्या बाराव्या पिढीचे लॅपटॉप डीडीआर४ मध्येही आले आणि डीडीआर५ मध्येही; या रॅमच्याच दोन वेगळ्या पिढ्या. दोन्ही स्टिक दिसायला सारख्याच, पण एकीला २६० पिना, दुसरीला २६२, आणि खाच वेगळ्या जागी. बसत नसेल तर दाबू नका, ती त्या स्लॉटची नाहीच.

स्लॉट आहे का, हे न बघणं

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. किती स्लॉट वापरात आहेत ते तिथे दिसतं. फॉर्म फॅक्टरसमोर ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली आहे. काही मॉडेलमध्ये थोडी रॅम सोल्डर असते आणि एक स्लॉट मोकळा असतो, त्यामुळे झाकण उघडून बघितलेलं बरं. मॅकबुक एअरमध्ये रॅम पहिल्यापासून सोल्डरच आहे, तिथे घेतानाच विचार करायचा.

बाकीच्या चुका

२६६६ वेगाच्या रॅमच्या मशीनमध्ये ३२०० वेगाची स्टिक चालते, पण २६६६ नेच. वेगासाठी जास्त पैसे देऊ नका.

८ आणि १६ जीबी एकत्र चालतात. दोन्ही स्टिक सारख्या असल्या तर उत्तम, पण त्यासाठी चांगली स्टिक विकून टाकायची गरज नाही.

कमाल मर्यादा बघा. सेलेरॉन एन४०२० प्रोसेसरवाल्या मशीनला इंटेलने ८ जीबीची मर्यादा दिली आहे.

घाई

"दोन मिनिटांत रॅम बदला" छापाचे व्हिडिओ बघून लोक चार्जर लावलेला असतानाच स्क्रू काढायला बसतात. मला हे अजिबात पटत नाही. चार्जर काढा, बॅटरीचा कनेक्टर सोडवा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, मगच रॅमला हात लावा. स्टिक तिरकी सरकवून खाली दाबायची; दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसल्या पाहिजेत. एक बाजू अर्धवट राहिली की डिस्प्ले येत नाही आणि दोष नव्या रॅमवर जातो.

डीडीआर५ घातल्यावर पहिल्यांदा स्क्रीन मिनिट-दोन मिनिटं काळीच राहू शकते. मशीन नवी रॅम तपासून जुळवून घेत असतं. नवशिके तेवढंही थांबत नाहीत, लगेच बटण दाबून बंद करतात आणि ते काम पहिल्यापासून सुरू होतं. पाच मिनिटं हात लावू नका.

विंडोज उघडलं म्हणजे रॅम चांगली, असंही नाही. खराब रॅम गुपचूप फायली बिघडवते. मी रात्री मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून ठेवतो. सकाळी एक जरी एरर दिसली तरी स्टिक बिलासकट दुकानात परत जाते.