माणूस कोसळला तर : ॲम्ब्युलन्स येईपर्यंत काय करायचं

एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात किंवा घरीच मोरीच्या दाराशी कुणी कोसळलं की कुणी तोंडावर पाण्याचा हबका मारतं, कुणी कांदा आणायला धावतं. यातलं काहीच करू नका. आधी एकच गोष्ट बघायची : माणूस नीट श्वास घेतोय का?

जवळ जाण्याआधी नजर टाका. विजेची तार, सांडलेलं पाणी, येणारी गाडी असं काही दिसलं तर तो धोका आधी दूर करा. शॉक लागलेला असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नका. मग दोन्ही खांदे धरून हलवा आणि मोठ्यानं विचारा, “काका, ऐकू येतंय का?” उत्तर नसेल तर गर्दीतल्या एकाकडे बोट दाखवून सांगा, “निळा शर्ट, तुम्ही १०८ लावा.” ‘कुणीतरी फोन करा’ म्हटलं की कुणीच करत नाही. १०८ लागला नाही तर ११२. एकटे असाल तर फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवा आणि बोलता बोलता काम सुरू करा. आणखी एकाला गल्लीच्या तोंडाशी उभं करा. पत्ता शोधण्यात गाडीचा बराच वेळ जातो.

आता श्वास. एक तळवा कपाळावर ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी हनुवटी वर उचला. सैल पडलेली जीभ घसा अडवते, ती अशी बाजूला होते. तुमचा गाल त्याच्या नाकाजवळ आणि नजर छातीवर ठेवा. दहा सेकंद, त्याहून जास्त नाही. नाडी शोधत बसू नका, घाबरलेल्या माणसाला आपलीच नाडी बोटाला लागते.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. हृदय थांबल्यावरही सुरुवातीची काही मिनिटं माणूस आचके देऊ शकतो. तोंड माशासारखं उघडतं, हनुवटी हलते, घशातून घोरल्यासारखा आवाज येतो, मग कितीतरी सेकंद काहीच नाही. छाती मात्र नीट वर येत नाही. लोक म्हणतात, ‘अजून धुगधुगी आहे’, आणि थांबतात. किंवा ‘घरघर लागली’ म्हणून तोंडात पाणी घालतात. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, ते पाणी श्वासनलिकेत जातं. आचके म्हणजे श्वास नव्हे. छाती दाबायला लागा.

गादीवर असेल तर खाली घ्या, कारण मऊ जागी जोर गादीतच जिरतो. उताणा झोपवून छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळव्याचा मनगटाकडचा भाग टेका. त्यावर दुसरा हात, बोटं गुंफून बरगड्यांपासून उचललेली. कोपरं ताठ, खांदे थेट हातांच्या वर. दंडानं नाही, कमरेतून वजन टाकून दाबा : मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली गेली पाहिजे. मिनिटाला १०० ते १२० वेळा. मोठ्यानं मोजत राहा, तीस दाब साधारण १५ ते १८ सेकंदांत व्हायला हवेत.

प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, पण हात उचलू नका. छाती वर येते तेव्हाच हृदयात पुन्हा रक्त भरतं. थकलेला माणूस नकळत छातीवर रेलतो आणि दाब उथळ होतो. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला, ‘मला जमतंय’ म्हणणाऱ्यालाही. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नका, हातांची जागा तेवढी तपासा.

तोंडानं श्वास देणं शिकला असाल तर ३० दाब, मग एकेका सेकंदाचे २ श्वास. शिकला नसाल तर नुसतं दाबत राहा. बुडालेल्या माणसाला आणि लहान मुलांना मात्र श्वासाची खरी गरज असते, तिथे जमेल तसे श्वास द्या.

विमानतळावर, काही मोठ्या स्टेशनांवर एईडी यंत्र असतं, म्हणजे थांबलेल्या हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र. सुरू केलं की ते स्वतः बोलून सांगतं. घाम पुसून एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली आणि दुसरा डाव्या काखेखाली चिकटवा. शॉकच्या वेळी कुणी शिवायचं नाही, शॉक झाला की लगेच पुन्हा दाबायचं.

श्वास नीट चालू आहे, पण शुद्ध नाही? कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडा, मान किंचित मागे, तोंड जमिनीकडे, म्हणजे उलटी बाहेर पडेल. श्वासावर नजर ठेवा.

फिट असेल तर हातपाय दाबून धरू नका, दातांत चमचा घालू नका, चप्पल हुंगवू नका. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल द्या, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. थांबल्यावर श्वास पुन्हा तपासा, कारण हृदय बंद पडतानाही थोडे झटके येतात.

नुसती घेरी आली असेल तर आडवं ठेवून पाय उचला, उठवून बसवू नका. मधुमेही माणसाची साखर उतरलेली असू शकते; तो शुद्धीत असेल, गिळता येत असेल, तर पाण्यात तीन-चार चमचे साखर.

ॲम्ब्युलन्स आली की एवढं सांगा : किती वाजता कोसळला, दाबायला कधी सुरुवात केली, शॉक किती दिले. खिशातली गोळ्यांची पाकिटं त्यांच्याकडे द्या, आणि ते ‘थांबा’ म्हणेपर्यंत हात चालू ठेवा.