समतोल ‘नाही’ असं लिहिण्याआधी या चुका टाळा

एम.ए.च्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘ग्राहकाची पसंती संक्रमक नाही, म्हणून समतोल नाही.’ समतोल म्हणजे अशा किमती, ज्यांवर प्रत्येक वस्तूची मागणी आणि पुरवठा जुळतात; संक्रमक म्हणजे ‘अ’पेक्षा ‘ब’ आणि ‘ब’पेक्षा ‘क’ आवडत असेल, तर ‘अ’पेक्षा ‘क’ आवडायलाच हवा. चहापेक्षा कॉफी, कॉफीपेक्षा ताक आणि ताकापेक्षा पुन्हा चहा आवडणाऱ्या माणसाचं उपयोगिता फलन (आवडीला आकडा देणारं सूत्र) मांडता येत नाही, एवढंच खरं. अर्थतज्ज्ञ मास-कोलेल यांनी १९७४ मध्येच दाखवलं, की पसंती अपूर्ण (काही पर्यायांची तुलनाच करता न येणारी) आणि असंक्रमक असली तरी समतोल सिद्ध होतो. सातत्य (प्रमाणात अगदी थोडा बदल झाला म्हणून पसंती एकदम उलटत नाही), कॉन्व्हेक्सिटी (सारख्याच आवडीच्या दोन पर्यायांचं मिश्रण त्यांच्यापेक्षा कमी आवडत नाही) वगैरे बाकीच्या अटी मात्र लागतात. उलट शब्दकोशातल्या क्रमासारखी पसंती घ्या: आधी फक्त तांदूळ मोजायचा, तो सारखा असेल तरच डाळ बघायची. ही पूर्ण, संक्रमक आणि कॉन्व्हेक्सही आहे. पण सगळेच असे निघाले तर डाळीला किंमत असेपर्यंत ती कोणी घेत नाही, आणि फुकट झाली की मागणीला अंत नाही. समतोल गेला, कारण सातत्य नाही.

दुसरी चूक जास्त छळते. एका सेमिनारमध्ये एका हुशार मुलाने फळ्यावर उपयोगिता मांडली: दोन्ही वस्तूंच्या वर्गांची बेरीज. म्हणजे मिश्रण नको, एकाच वस्तूचा ढीग हवा. दोन माणसं, प्रत्येकाकडे दोन्हींचा एकेक नग. किमती सारख्या, एकाने पहिलीचे दोन नग घेतले, दुसऱ्याने दुसरीचे. ‘सर, कॉन्व्हेक्सिटी लागतच नाही!’ म्हटलं, तिसरा माणूस घाल. आता प्रत्येक वस्तूचे तीन नग, पण मागणी दोन-दोननेच येते. तीन जुळणार कसे? किमती हलवल्या तर सगळे स्वस्त वस्तूवर तुटून पडतात. समतोल नाही.

त्याने चिडून १०१ माणसं घातली. तरीही नाही, पण तफावत एकाच नगाची, दरडोई नगण्य. अर्थतज्ज्ञ स्टार यांचा १९६९ चा अंदाजे समतोल तो हाच; आणि ऑमन यांनी १९६६ मध्ये माणसं रेषेवरच्या बिंदूंसारखी अखंड पसरलेली, म्हणजे एकेकाचं वजन शून्य, अशी धरली, तेव्हा कॉन्व्हेक्सिटीशिवायही समतोल नेमका मिळाला. दोघांच्या उदाहरणावर प्रमेय उभं करणाऱ्यांची घाई मला समजत नाही. मी कागदावर आधी तीन माणसंच घेतो.

तृप्त ग्राहक, म्हणजे ज्याला आणखी काही नकोच, तो विसरू नका: तो सगळे पैसे खर्च करत नाही, म्हणून वालरासचा नियम (सगळ्या बाजारांतल्या जादा मागणीचं एकूण मूल्य शून्य) तिथे गृहीत धरता येत नाही.

आणि काकुतानीचं प्रमेय (समतोल आहे हे सिद्ध करायला वापरतात ते स्थिर बिंदूचं प्रमेय) लावण्याआधी मागणीचा संच, म्हणजे त्या किमतींना ग्राहक निवडेल त्या पर्यायांचा संच, रिकामा नाही ना, ते तपासा. ही एक ओळ मुलं सर्रास गाळतात.