किंत्सुगी करताय? निदान या चुका तरी टाळा

किंत्सुगी म्हणजे फुटलेलं भांडं सांधून सांध्यावर सोन्याची रेघ द्यायची जपानी कला. ती शिकायला दर महिन्याला कुणीतरी फुटका मग घेऊन दारात उभं असतं. "आजच्या आज होईल ना? सध्या फार वाईट काळ चाललाय हो, म्हणून शिकायचंय." वाईट काळ मला कळतो. आजच्या आज कळत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सोन्याची घाई. सोनं शेवटी येतं आणि चिमूटभरच लागतं. त्याआधी उरुशी, म्हणजे जपानातल्या एका झाडाचा चीक, मैद्यात मळून तुकडे चिकटवायचे. टवके उडालेत तिथे माती आणि उरुशीची लांबी भरायची. घासायचं, काळ्या उरुशीचा हात द्यायचा, पुन्हा घासायचं. मग लाल उरुशीची बारीक रेघ, आणि ती जराशी चिकट असतानाच वर सोन्याची भुकटी. एका वाटीला दीड-दोन महिने सहज जातात.

त्यातून उरुशी उन्हात वाळत नाही, ओलाव्यात घट्ट होते. हवा 70 ते 85 टक्के दमट हवी, तापमान 20 ते 30 अंश. जपानी कारागिरांकडे यासाठी 'मुरो' नावाचं कपाट असतं. माझ्याकडे पुठ्ठ्याचा खोका आणि ओलं फडकं. श्रावणात पुण्यात फडकंही लागत नाही, एप्रिलमध्ये दिवसातून दोनदा भिजवावं लागतं.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी नोकरी गेली त्याच महिन्यात घरातली लोणच्याची बरणी फुटली. मोठ्या उत्साहाने सांधली आणि वाळायला गॅलरीत कडक उन्हात ठेवली. चौथ्या दिवशी काठाला धरून उचलली, तर काठ हातात आणि बरणी खाली. सांधा आत चिकटच होता. नोकरीचंही तेच केलं होतं. आठवड्याभरात सगळ्यांना सांगून मोकळा, "जे झालं ते चांगल्यासाठीच." पुढच्याच मुलाखतीत समोरच्याने सहज विचारलं, "तिथून का निघालात?" आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. बरणीचे तुकडे टर्पेंटाइनने पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. आता तारीख लिहून खोका बंद करतो आणि कपाटावर ठेवतो, हात पोचणार नाही असा.

हातमोजे न घालणं. उरुशीचं झाड आंबा, काजू, बिब्बा यांच्याच कुळातलं. बिब्बा उतला की काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगावं लागत नाही. कातडीला लागलीच तर आधी गोडं तेल चोळून पुसा, मग साबण.

उरुशीला लाख म्हणू नका. लाख किड्याची असते.

इपॉक्सी आणि पितळी भुकटीचं झटपट किट शोपीसला ठीक आहे. त्यात चहा ओतू नका.

सोनं लावलेली वाटी मायक्रोवेव्हमध्ये नको.

किंत्सुगी करायची म्हणून चांगली वाटी हातोडीने फोडणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आणि ती फॉरवर्ड होणारी गोष्ट: शोगुन (जपानचा लष्करी शासक) योशिमासाने तडा गेलेला वाडगा चीनला पाठवला, तो धातूचे कुरूप टाके घालून परत आला, म्हणून जपान्यांनी सोन्याचा सांधा शोधला. गोष्ट छान आहे. पण त्या कथेशी जोडलेला फिकट हिरवा वाडगा आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, टाक्यांसकट. त्याचं 'बाकोहान' हे नावही त्या टाक्यांवरूनच पडलं, आणि रसिक ते टाकेच वाकून बघतात. तेव्हा प्रत्येक तड्याला सोनं लागतंच असं नाही. माझ्या बरणीवर काळीच रेघ आहे. तेव्हा पगार नव्हता, सोनं कुठून आणणार? नंतर लावता आलं असतं, पण तोवर त्या रेघेची सवय झाली होती. सध्या तिच्यात चहापूड असते.