किनारा साफ करायचाय? आधी पंचांग बघा, मग कोळीवाड्यात जा

जुहू, वर्सोवा, मढ, आक्सा, मनोरी, गोराई. मुंबईच्या या पट्ट्यात दर पावसाळ्यानंतर कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरतं, की येत्या रविवारी किनारा साफ करायचा. पन्नास माणसं येतात, फोटो निघतात, भरलेल्या गोण्या तिथंच राहतात आणि पुढच्या भरतीला परत पाण्यात जातात. माणसं जमवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. भरतीची वेळ, कोळीवाड्याशी बोलणं आणि पालिकेची गाडी ही तीन कामं आधी उरकली असतील, तर वीस माणसंही पुरतात.

दिवस कसा काढायचा

कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही चालतो: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा वाजता, पहाटेही आणि दुपारनंतरही. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा-अमावास्येला मात्र पाऊणपट न करता सरळ बारा धरा.

पूर्ण ओहोटीच्या आधीचे दोन तास कामाला सगळ्यात चांगले, कारण पाणी पाठ फिरवून चाललेलं असतं. सकाळी सात ते नऊ काम करायचं तर द्वितीया ते पंचमी या तिथींना येणारा रविवार शोधा. याचा दुसरा फायदाही आहे. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी सर्वाधिक असतो, त्यामुळे वाळूत रुतलेला कचरा याच दिवसांत सुटून वर येतो. दशमी ते त्रयोदशी टाळा. सकाळी कामाच्याच वेळी भरती असते आणि उभं राहायला जागा उरत नाही. पंचांगावरून दिवस ठरला, की नेमकी वेळ आणि पाण्याची उंची भरती-ओहोटीच्या तक्त्यात तपासा. पावसाळ्यापूर्वी पालिका साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस जाहीर करते. त्या दिवशी भरतीच्या आसपास किनाऱ्यावर कुणालाही नेऊ नका.

कोळीवाड्यात आधी जाणं

निदान आठवडाभर आधी मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात किंवा गावच्या पाटलांकडे जाऊन या. फोनवर उरकू नका. तीन गोष्टी विचारायच्या: कुठल्या पट्ट्यात जायचं नाही, होड्या कधी लागतात, आणि त्या दिवशी गावात काही आहे का. नारळी पौर्णिमेच्या आसपास कुणाला वेळ नसतो. मनोरी-गोराईत ख्रिस्ती वस्ती मोठी आहे, तिथं रविवारी सकाळी मिस्सा असते. शनिवार धरलात तर गावची माणसंही येतील.

पाहुण्यांच्या नजरेला जो कचरा वाटतो, त्यातला बराच कोळ्यांचा माल असतो. डोल जाळ्याचा ढीग मळकट दिसतो, पण तो दुरुस्तीला काढलेला असतो आणि त्याची किंमत हजारांत असते. वाळूतून वर आलेला दोर नांगराचा असू शकतो. नियम एकच ठेवा: दुसरं टोक कशाला बांधलंय हे दिसत नसेल, तर दोराला हात लावायचा नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, त्यांच्याखालचे ओंडके आणि टायर टेकण म्हणून असतात. आणि बोंबलांच्या वलांड्या, म्हणजे मासळी सुकवायच्या काठ्या-दोऱ्यांच्या मांडण्या, उभ्या असतील तर त्या बाजूला वाळू उडवायची नाही, खालून वाकून जायचं नाही. वासावरून नाक मुरडणाऱ्याला सरळ दुसऱ्या टोकाला पाठवा.

गावातला एक दादा किंवा मावशी दिवसभर सोबत राहिली, तर निम्मे घोटाळे होतच नाहीत. पाणी कुठून आत येतं आणि कचरा कुठं साठतो, हेही त्यांनाच ठाऊक असतं. वर्सोव्याला मालाडची खाडी शेजारीच मिळते. खाडीतून आलेलं सगळं पावसाळी वाऱ्याने परत किनाऱ्यावर येतं.

गाडी

विभाग कार्यालयात सहाय्यक आयुक्तांच्या नावाने अर्ज द्या, प्रत घनकचरा व्यवस्थापन विभागाला. वर्सोवा-जुहूला के-पश्चिम, मढ-आक्सासाठी पी-उत्तर. अर्जात तारीख, वेळ, गोण्यांचा अंदाज आणि गोण्या कुठं रचणार ती जागा लिहा. पोच घ्या, आणि आदल्या दिवशी मुकादमाला फोन करा. सोसायटीत येणारी कचरादाबणीची गाडी चालत नाही, कारण ओल्या वाळूचा कचरा त्यात घेत नाहीत. डंपर लागतो, आणि तो वाळूत उतरवायचा नाही, रुततो. म्हणून गोण्या पक्क्या रस्त्याला लागून, भरतीरेषेच्या वर रचायच्या. गाडी आली नाही तर १९१६ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, आणि गोण्यांची तोंडं बांधूनच घरी जा.

सामान आणि काम

तीस माणसांना दीड तासासाठी साठ-सत्तर प्लास्टिकच्या विणीच्या गोण्या, सहा फावडी, आठ घमेली, चार दाताळी, दोन कोयते आणि रबराचा थर असलेले हातमोजे. कापडी मोजे पाच मिनिटांत भिजतात. काळ्या पिशव्या आणू नका, काचेच्या एका तुकड्याने फाटतात. चपला नकोत, बूट हवेत.

तिघांचा गट करा: एक वेचणारा, एक गोणी धरणारा, एक वाळू झटकणारा. तिसऱ्याचं काम सगळ्यांत महत्त्वाचं. झटकलं नाही तर निम्मी गोणी वाळूच भरते, दोघांना उचलत नाही आणि किनाऱ्याची वाळूही फुकट जाते. गोणी अर्धीच भरायची, पंचवीस किलोच्या वर नाही. काच आणि सुया वेगळ्या, झाकणाच्या कडक डब्यात. सुया फक्त मोठ्यांनी, चिमट्याने उचलायच्या. थर्माकोल वाऱ्याने उडतो, त्यामुळे तो आधी वेचा.

खरा वेळ खातात चिंध्या. वाळूतून वीतभर कापड वर दिसतं, चार जण धरून ओढतात, ते फाटतं आणि उरलेलं आणखी खोल जातं. ती बहुतेक वेळा अख्खी साडी किंवा चादर असते. विणीत वाळू घट्ट बसलेली, आणि पाच फुटांवर दिसणारा दुसरा तुकडा त्याच कापडाचा. ओढू नका. समुद्राच्या बाजूने फूटभर चर खणा, म्हणजे कापडाखालचं पाणी निथळून वाळू सैल होते. मग दोन-दोन फूट मोकळं करत कोयत्याने कापत चला. रुतलेलं टाकाऊ जाळं असंच काढायचं, पण ते टाकाऊच आहे हे गावच्या माणसाने सांगितल्यावर.

कांदळवनात फावडं-कोयता न्यायचा नाही. वर आलेली श्वसनमुळं पायाखाली मोडतात, तेव्हा कडेने हाताला लागेल तेवढंच प्लास्टिक घ्या. गणेश विसर्जनानंतरच्या सकाळी मूर्तींचे भाग गोणीत भरू नका, ते पालिकेचे कर्मचारी वेगळे उचलतात. कासव किंवा डॉल्फिन वाहून आलेलं दिसलं तर हात न लावता वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. वर्सोव्याला वकील अफरोझ शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू केलेल्या सफाईनंतर मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं निघाली होती, म्हणून थंडीच्या दिवसांत भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू खोल खणू नका.

पावसाळ्यात निळे, फुग्यासारखे जेलीफिश येतात, मेलेलेही डसतात. डसलं तर चोळायचं नाही, लिंबू लावायचं नाही. समुद्राच्या पाण्याने धुऊन, चिकटलेले धागे चिमट्याने काढून, सोसवेल इतक्या गरम पाण्याने शेकायचं. पाकट या चपट्या माशाच्या शेपटीचा काटा लागला तरी गरम पाणीच, आणि लगेच दवाखाना. म्हणून थर्मास सोबत ठेवा आणि घोट्याच्या वर पाण्यात कुणाला जाऊ देऊ नका. आक्सावर तर अजिबातच नाही, तिथं बुडण्याच्या घटना वारंवार घडतात.

काम संपल्यावर गोण्या मोजा, गाडीत चढेपर्यंत दोन माणसं थांबवा आणि उरलेल्या चिंध्यांच्या जागा गावच्या माणसाला दाखवून ठेवा. पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची धरा. तिथी पुन्हा साधारण द्वितीया ते पंचमीच येते, फक्त पक्ष बदललेला असतो.