ग्लँडमधून थेंब पडू द्यावेत: सेंट्रीफ्युगल पंपाची दोरी बदलताना

वरूड-मोर्शीकडे आंबिया बहाराच्या संत्राबागांना भर उन्हाळ्यात ओलित द्यावे लागते आणि त्याच दिवसांत मोटरपंप सर्वाधिक चालतो. पंपाच्या फिरत्या दांड्याभोवतीची (शाफ्टभोवतीची) दोरी दाबून धरणाऱ्या झाकणाला ग्लँड म्हणतात; त्या ग्लँडमधून पाणी ठिबकताना दिसले की पाना घेऊन नट आवळण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती मात्र महागात पडते.

शाफ्ट पंपाच्या आवरणातून बाहेर येतो, तेथील फट बुजवण्यासाठी स्टफिंग बॉक्समध्ये, म्हणजे शाफ्टभोवतीच्या पोकळीत, दोरीची (पॅकिंगची) गोल कडी बसवून ती ग्लँडने दाबलेली असतात. फिरता शाफ्ट आणि स्थिर दोरी यांच्यामधला पाण्याचा पातळ थर वंगणाचे व थंडाव्याचे काम करतो, त्यामुळे मिनिटाला साधारण ४० ते ६० थेंब गळणे आवश्यकच असते. गळती साफ बंद केली, तर दोरी जळून कडक होते आणि शाफ्टवर खाचा पडतात. अशा शाफ्टवर मग नवी दोरीही टिकत नाही. उलट, विहिरीतून पाणी वर ओढताना काही पंपांत ग्लँडजवळचा दाब हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, तेव्हा सैल ग्लँडमधून हवा आत शिरते आणि पंप पाणी सोडतो, म्हणजे पाणी ओढेनासा होतो. फूटव्हॉल्व्हला (विहिरीतील पाइपच्या तळाच्या झडपेला) दोष देण्यापूर्वी हे पाहावे.

दोरी बदलण्याआधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत, कारण ऑटो स्विच लावलेला असेल तर लाइन येताच पंप आपोआप सुरू होतो आणि हात शाफ्टजवळच असतो. जुनी कडी एकूण एक काढावीत. बॉक्सचा आतील व्यास ४६ मिमी आणि शाफ्ट ३० मिमी असल्यास फरकाच्या निम्मी, म्हणजे ८ मिमीची दोरी लागते. ती शाफ्टएवढ्या जाडीच्या नळीवर गुंडाळून कापावी आणि प्रत्येक कड्याचा सांधा आधीच्यापासून ९० अंशांवर ठेवावा. नट हातानेच लावून, पंप पाण्याने भरून सुरू करावा, दहा-पंधरा मिनिटे मोकळेपणाने गळू द्यावे आणि नंतर दोन्ही नट सारखेच, एका वेळी षष्ठांश फेरा, थांबत थांबत आवळावेत.

काही पंपांत ही फट बुजवायला दोरीऐवजी मेकॅनिकल सील असतो. स्प्रिंगने दाबलेले, बहुधा कार्बन आणि सिरॅमिकचे दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर फिरतात. सील ठिबकू लागल्यास आवळण्यासारखे काही नसते, तो बदलावाच लागतो. बसवताना त्या पृष्ठभागांना बोट लावू नये आणि पंप कोरडा चालवू नये, कारण पाण्याविना ते थोड्याच वेळात तापून तडकतात.