ऑन्टारिओ सरोवरातला एप्रिलचा ट्राउट : या चुका टाळा

एप्रिल लागला की सरोवराच्या दक्षिण काठावरच्या, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या आसपास आपली बरीच मंडळी ऑन्टारिओ सरोवरावर गळ घेऊन उतरतात आणि दरवर्षी त्याच चुका करतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे थेट खोल पाणी गाठणं. सरोवर 244 मीटर खोल, म्हणजे मोठा मासा खालीच असणार, असा हिशेब. एप्रिलमध्ये तो साफ चुकतो. पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. हिवाळा सरला तरी मधलं पाणी त्याहूनही गार राहतं. काठचं उथळ पाणी उन्हाने आणि ओढ्यांमुळे आधी तापतं. दोन्हींच्या मध्ये 4 अंशांच्या पाण्याची उभी भिंत तयार होते आणि ऊब काठाशीच अडकते. ब्राउन ट्राउट हा मासा तिथेच खायला येतो.

गेल्या वर्षी ओळखीतला एक तरुण महागडा फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) लावून तीस मीटर पाण्यात सकाळभर बसला. फोनवर म्हणाला, "काका, स्क्रीनवर मासे दिसतायत, पण एकही घेत नाही." म्हटलं, सगळं गुंडाळ आणि ओढ्याच्या मुखाशी ये. तिथे निळ्या पाण्यात थर्मामीटर 4 दाखवत होता, गढूळ पट्ट्यात 8. दोन रंग जिथे भिडतात त्या रेघेवरून आम्ही आमिष ओढत नेलं. जेमतेम दोन मीटर पाण्यात रॉड वाकला. जाळीत आला तेव्हा पोट लोण्यासारखं पिवळं, अंगावर काळे ठिपके आणि प्रत्येकाभोवती फिकट कडं. दोनशे रुपयांच्या थर्मामीटरने जे सांगितलं, ते त्या स्क्रीनने सांगितलं नव्हतं. मी दर पंधरा मिनिटांनी तापमान बघतो. अर्ध्या अंशाचा फरकही सोडत नाही.

दुसरी चूक उतावळेपणाची. उथळ, स्वच्छ पाण्यात बोट डोक्यावरून गेली की मासा बिचकतो, आणि नवखे आमिष बोटीमागे दहा मीटरवर सोडतात. निदान तीस मीटर लाइन सोडा. प्लेनर बोर्ड, म्हणजे लाइन बोटीपासून बाजूला ओढणारी तरंगती फळी, लावून आमिष बाजूला, काठाकडे न्या. ते लावायला वेळ जातो म्हणून टाळणाऱ्यांबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही. वेग ताशी तीन-चार किलोमीटर पुरे.

पहाटेचा हट्ट नको; या दिवसांत ऊन चढल्यावर पाणी तापतं आणि दुपारही चांगली जाते.

दक्षिणेचा वारा जोरात असेल तर काठचं उबदार पाणी आत ढकललं जातं. कालची जागा आज रिकामी लागेल, पुन्हा मोजा.

वय 16 किंवा जास्त असेल तर मासेमारीचा परवाना लागतोच.

आणि लाइफ जॅकेट. 21 फुटांहून लहान बोटीत 1 नोव्हेंबर ते 1 मे ते अंगात घालणं न्यूयॉर्क राज्यात बंधनकारक आहे. सीटखाली ठेवलेलं चालत नाही. या पाण्यात पडलात तर काही मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. धक्का सोडण्याआधी मी प्रत्येकाचे पट्टे स्वतः ओढून बघतो.