जुना आरपीजी नव्या पीसीवर चालत नाही? आधी या चुका टाळा

फॉलआउट २ मध्ये अरोयोहून क्लॅमथला निघालं की नकाशावरची खूण रमतगमत सरकते. दिवस जातात, मध्येच कुणीतरी आडवं येतं, कधी पळावं लागतं. नवा प्रोसेसर बसवला त्या रात्री मी हाच गेम मूळ सीडीवरून टाकला आणि खूण पापणी लवायच्या आत क्लॅमथवर जाऊन बसली. मी आधी खूश झालो. वाटेतल्या गाठीभेटींचं प्रमाण पार बिघडलंय, हे कळायला मला आणखी दोन संध्याकाळी लागल्या. १९९८ च्या त्या गेममध्ये नकाशावरचा वेग प्रोसेसरच्या वेगाला बांधलेला होता. मशीन जितकं तेज, तितका प्रवास उरकलेला.

तेव्हापासून कुणी "जुना गेम नीट चालत नाही, कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ?" असं विचारलं की मी आधी खिसा सांभाळायला सांगतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे. जुन्या आरपीजीला (रोल-प्लेइंग गेमला, म्हणजे आपण एखादं पात्र होऊन खेळतो त्या प्रकाराला) तुमचं मशीन कमी पडत नाही, बहुतेक वेळा जास्त होतं. खाली दिलेल्या चुका बहुतेक मी स्वतः केलेल्या आहेत, त्यामुळे क्रम महत्त्वाचा नाही, चीडचीड खरी आहे.

वेग वाढवून बघणं

बाल्डर्स गेट (१९९८) च्या कॉन्फिगरेशनमध्ये कमाल फ्रेम रेटचा (सेकंदाला किती चित्रं दाखवायची त्याचा) आकडा असतो, मूळचा ३०. आजच्या माणसाला ३० दिसले की हात शिवशिवतात आणि तो ६० करतो. पण हा गेम ज्यावर चालतो त्या इन्फिनिटी इंजिनमध्ये हा आकडा नुसत्या चित्राचा नाही, सगळा खेळच त्यावर धावतो. ६० केलं की पात्रं दुप्पट वेगाने चालतात, आणि पहिल्या दरोडेखोरांशी गाठ पडली की तुम्ही खेळ थांबवायला स्पेसबार दाबेपर्यंत तुमचा जादूगार आडवा झालेला असतो. मोकळ्या रानात भटकताना ४० ठेवायला माझी हरकत नाही. लढाईत ३० च बरे.

नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक (२००३) मध्ये हाच दोष वेगळं सोंग घेऊन येतो. लढाई संपते, शत्रू खाली पडलेला असतो, कॅमेरा फिरतो, मेनू उघडतो, पण पात्राचे पाय जमिनीला चिकटलेले. लोक गेम पुन्हा इन्स्टॉल करतात, ड्रायव्हर बदलतात, कीबोर्डला शिव्या घालतात. कारण एवढंच की मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा आहे आणि गेमला ६० च्या वर फ्रेम झेपत नाहीत. व्ही-सिंक (फ्रेमना मॉनिटरच्या तालात बांधणारी सेटिंग) चालू करा, तेवढ्याने भागलं नाही तर डेस्कटॉपचा रिफ्रेश रेट ६० वर आणा. अडकलेल्या जागी आधी सेव्ह करून परत लोड केलं तर त्या वेळेपुरते पाय सुटतातही.

स्कायरिमच्या २०११ च्या मूळ आवृत्तीत भौतिकीचं गणित फ्रेमला बांधलेलं आहे. ६० च्या बरंच वर गेलात तर घरात शिरताच टेबलावरची भांडी उडून भिंतीवर आदळतात. एकदा बघायला मजा येते.

विंडोजआधीच्या डॉस या प्रणालीच्या काळात मागे गेलं तर अल्टिमा ७ (१९९२) मध्ये वेगाला लगामच नाही. डॉसचे गेम नव्या मशीनवर चालवणाऱ्या डॉसबॉक्स या प्रोग्राममध्ये वेग ठरवणारी "सायकल्स" नावाची सेटिंग असते. ती "मॅक्स" वर टाकून मोकळं होणं ही सर्रास दिसणारी चूक. कंट्रोल आणि एफ ११ दाबून सायकल्स कमी करा, कंट्रोल आणि एफ १२ ने वाढवा, आणि गावातले लोक माणसासारखे चालायला लागले की तो आकडा डॉसबॉक्सच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहून ठेवा. दर वेळी नव्याने अंदाज करत बसू नका. ज्यांना हेही नको त्यांच्यासाठी एक्झल्ट आहे. ते गेमच्या मूळ डेटा फाइल वापरून नव्या विंडोजवर थेट चालतं, डॉस लागतच नाही.

काही डॉस प्रोग्राम उघडताक्षणी "रनटाइम एरर २००" देऊन बंद पडतात. ते टर्बो पास्कल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले असतात. सुरुवातीला ते प्रोसेसरचा वेग मोजतात, तेज मशीनवर त्या भागाकाराचं उत्तर ठरलेल्या जागेत मावत नाही आणि खेळ खलास. इथेही औषध तेच, सायकल्स कमी.

एकाच वेळी पाच गोष्टी बदलणं

ही चूक मी अजूनही करतो. गेम चालत नाही म्हटल्यावर कंपॅटिबिलिटी मोड लावला, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला, दोन पॅच (दुरुस्तीच्या फाइल) टाकले, ग्राफिक्सचा रॅपर (गेम आणि कार्ड यांच्यामधला दुभाषा) टाकला, आणि गेम चालू झाला. कशाने चालला? देव जाणे. आठवड्याने बिघडला की पुन्हा तिथूनच सुरुवात.

विशेषतः रॅपरच्या बाबतीत सांभाळा. डीजीव्हूडू २ हे फार उपयोगी साधन आहे. गेम ग्राफिक्स कार्डाशी ज्यांतून बोलतो त्या जुन्या ग्लाइड आणि डायरेक्टएक्सच्या हाका ते नव्या डायरेक्टएक्समध्ये भाषांतरित करतं. पण गेमच्या विकत घेतलेल्या प्रतीत आधीच एखादा रॅपर बसवलेला असतो, आपण त्यावर दुसरा टाकतो, आणि मग पडदा काळा. गेमच्या फोल्डरमध्ये डीड्रॉ किंवा डी३डी नावाची डीएलएल (गेम वापरतो ती सहायक फाइल) आधीपासून आहे का, ते आधी बघा. असेल तर तिचं नाव बदलून बाजूला ठेवा आणि मगच दुसरी टाका.

फॉलआउटच्या पहिल्या दोन भागांत विंडोज ७ वर रंग इंद्रधनुष्यासारखे विसकटायचे, ते कार्ड खराब झाल्यामुळे नव्हे. गेम २५६ रंगांच्या पॅलेटवर चालतो आणि विंडोजचा डेस्कटॉप त्या पॅलेटमध्ये लुडबुड करायचा. तेव्हा आम्ही टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून गेम चालवायचो. आता त्याची गरज नाही. एसफॉल हा चाहत्यांचा पॅच टाका, किंवा फॉलआउट २ कम्युनिटी एडिशन घ्या. एसफॉलमध्ये नकाशावरच्या वेगाचा बंदोबस्तही आहे.

इन्स्टॉलरलाच गेम समजणं

सीडी घातली, सेटअपवर क्लिक केलं, विंडोज म्हणालं हा प्रोग्राम या पीसीवर चालणार नाही. लगेच "गेम जुना झाला" असा निकाल देऊ नका. नव्वदीच्या उत्तरार्धात गेम ३२ बिटचा आणि त्याचा इन्स्टॉलर मात्र १६ बिटचा, अशी जोडी सर्रास असायची. ६४ बिट विंडोज १६ बिटचं काहीच चालवत नाही. आतला गेम ठणठणीत असतो, दार उघडत नाही एवढंच.

दुसरं दार सेफडिस्कचं. २००० च्या आसपासच्या पुष्कळ सीडी ही कॉपी-संरक्षण पद्धत वापरत. तिला लागणारा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये नाही, आणि विंडोज ७ व ८ वर तो सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा अपडेटने बंद केला गेला. सीडी कितीही पुसली तरी उपयोग नाही. कुठून तरी आणलेली अनोळखी ईएक्सई फाइल चालवण्यापेक्षा तोच गेम संरक्षणाशिवाय पुन्हा विकत घेणं मला शहाणपणाचं वाटतं, दोनदा पैसे मोजायचा राग येत असला तरी.

आणि प्रोग्राम फाइल्समध्ये इन्स्टॉल करू नका. व्हिस्टापासून विंडोज त्या फोल्डरमध्ये जुन्या प्रोग्रामला लिहू देत नाही, त्याने लिहिलेलं गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात वळवतं. आपण सेव्ह शोधतो एकीकडे, ते बसलेले असतात दुसरीकडे. मॉरोविंडच्या (२००२) मॉडचे (चाहत्यांनी गेममध्ये केलेल्या बदलांचे) निम्मे घोळ इथेच जन्माला येतात. सी ड्राइव्हवर थेट "गेम्स" असा साधा फोल्डर करा.

गेम अर्ध्यावर असताना पॅच आणि मॉड घालणं

व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स नोव्हेंबर २००४ मध्ये आला तेव्हा अर्धाकच्चा होता. लिओपोल्ड सोसायटीचा टप्पा संपवून बाहेर पडताना तो हमखास कोसळायचा. ट्रॉइका ही कंपनी २००५ मध्ये बंद पडली, पण चाहत्यांचा अनधिकृत पॅच इतकी वर्षं सुधारत राहिला. आजच्या मशीनवर भरपूर रॅम असली की मूळ गेम उलट "रॅम अपुरी आहे" म्हणून अडून बसतो, तेही हा पॅच सोडवतो. त्यात बेसिक आणि प्लस असे दोन पर्याय असतात. पहिल्यांदा खेळणाऱ्याने बेसिक घ्यावा. प्लसमध्ये चाहत्यांनी परत आणलेला मजकूर आहे, चांगला आहे, पण मूळ चव कशी होती ते आधी कळू दे. दोन्हीपैकी काहीही घ्या, नवीन पात्र तयार करण्याआधी घ्या. वीस तासांच्या सेव्हवर पॅच ओतला की जुनी पात्रं, जुन्या खुणा आत तशाच राहतात.

बाल्डर्स गेटचे मॉड वायडू या साधनाने बसतात आणि ते ताटांच्या चळतीसारखे असतात. तळातला एक काढायचा म्हटलं की वरचे सगळे उतरवून परत रचले जातात. त्यामुळे कोणता मॉड आधी, कोणता नंतर, हे कागदावर लिहूनच सुरुवात करा.

पडदा भरून टाकण्याचा हट्ट

६४० बाय ४८० चं चित्र १०८० ओळींच्या पडद्यावर ताणलं की एका पिक्सेलचे सव्वादोन होतात. पाव पिक्सेल दाखवता येत नाही, म्हणून अक्षरं धुरकट. दुप्पट करून बाजूला काळी चौकट राहू दिली तर चित्र कोरीव दिसतं. १४४० ओळींचा मॉनिटर असेल तर नशीब काढलंत, ४८० ची बरोबर तिप्पट होते. डॉसच्या ३२० बाय २०० चित्रांत आणखी एक मेख आहे: ती ४:३ च्या पडद्यासाठी काढलेली होती, म्हणजे पिक्सेल चौरस नव्हता, उभा होता. डॉसबॉक्समध्ये आस्पेक्टची सेटिंग चालू केली नाही तर सगळे योद्धे बुटके आणि जाडे दिसतात.

फॉलआउटमध्ये रिझोल्यूशन वाढवून अख्खा नकाशा एका पडद्यावर आणणाऱ्यांशी माझं पटत नाही. पुढच्या खोलीत कोण आहे हे आधीच दिसलं तर दार उघडायची धाकधूक कुठे राहिली?

जुना पीसी घरी आणून लगेच बटण दाबणं

शेवटी एक दिवस प्रत्येकाला खरंखुरं जुनं मशीन हवंसं वाटतं. मलाही वाटलं. ३८६-४८६ प्रोसेसरच्या जमान्यातला मदरबोर्ड हाती आला तर आधी कीबोर्डच्या सॉकेटजवळ बघा. तिथे बहुधा निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली पिंपासारखी छोटी बॅटरी सोल्डर केलेली असते, निकेल-कॅडमियमची. ती फुटली की आतला अल्कलीयुक्त द्रव तांब्याच्या रेघा खात सुटतो. माझ्या बोर्डवर हिरवट-पांढरी बुरशी दिसत होती, आणि खाली कीबोर्डच्या दोन रेघा तुटलेल्या. बॅटरी कापून काढा, डागावर पातळ व्हिनेगर लावून मऊ ब्रशने घासा, मग स्वच्छ पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. पूर्ण वाळल्याशिवाय वीज देऊ नका. नंतरच्या बोर्डांवर सीआर२०३२ चा बटणसेल असतो, तो असा फुटत नाही.

त्याच काळातल्या एटी पॉवर सप्लायला बोर्डात जाणारे दोन सारखे दिसणारे प्लग असतात. दोन्ही प्लगांच्या काळ्या तारा मध्यभागी शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत. उलट लावले तर बोर्ड जळू शकतो. मी बटण दाबण्याआधी तीनदा बघतो, लोक हसले तरी. २००० च्या दशकातल्या बोर्डांवर कपॅसिटर बघा. डोकं फुगलेलं किंवा वर तपकिरी डाग असेल तर ते बदलल्याशिवाय त्या मशीनवर विसंबू नका. तेव्हा निकृष्ट कपॅसिटरची लाटच आली होती.

विंडोज ९८ च्या मशीनमध्ये हौसेने एक जीबी रॅम भरली तर विंडोज "मेमरी अपुरी" म्हणतं. डिस्क कॅश आवाक्याबाहेर जातो, म्हणून ५१२ एमबीच्या खालीच राहा. २५६ मध्ये त्या काळचा कोणताही आरपीजी सुखाने चालतो. व्हूडू २ लावलात आणि पडदा काळा राहिला तर बाहेरची जोडकेबल तपासा. ते कार्ड फक्त त्रिमितीचं काम करतं, साधं चित्र दुसऱ्या कार्डाकडून त्या केबलने यावं लागतं. आवाज येतो पण संगीत नाही? सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डपर्यंतची चार पिनांची बारीक तार राहिली असेल. आणि खऱ्या डॉसवर अल्टिमा ७ टाकणार असाल तर ईएमएम३८६ (डॉसचा मेमरी सांभाळणारा प्रोग्राम) लोड करू नका. त्या गेमची स्वतःची मेमरी व्यवस्था आहे, दोघांचं जमत नाही.

मॅन्युअल न वाचणं, आणि काढताना बेफिकीर राहणं

बाल्डर्स गेटमध्ये आर्मर क्लासचा आकडा जितका कमी तितकं चिलखत चांगलं. हे न वाचता माझ्या एका मित्राने कित्येक तास मिळेल ते चांगलं चिलखत विकून टाकलं आणि गेम अवघड आहे म्हणून तक्रार करत राहिला. वेस्टलँड (१९८८) मध्ये तर गोष्टीचे परिच्छेद छापील पुस्तिकेत असत, आणि भोचकपणे पुढचं वाचणाऱ्यांना चकवायला त्यात खोटे परिच्छेदही घुसवले होते. तो गेम स्वतःच्याच डिस्कवर खेळाची स्थिती लिहायचा. मूळ डिस्कची प्रत न काढता खेळायला बसलात तर पुन्हा पहिल्यापासून खेळायला कोरी डिस्कच उरायची नाही.

पूल ऑफ रेडियन्सचा २००१ चा भाग, रुइन्स ऑफ मिथ ड्रॅनर, याच्या पहिल्या आवृत्तीला अनइन्स्टॉल करताना विंडोजच्या फाइलही उडू शकत. दोष काढणारा पॅच नंतर आला. कपाटात ती जुनी सीडी असेल तर गेम टाकल्यावर पॅच लगेच लावा, आणि काढायची वेळ आली की आधी सेव्हचा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा.